एक बोट कुंकू

विट्यात माझ्या दुकानाच्या पाटीवर 'मंजुषा कॉम्प्युटर दुरुस्ती' असं लिहिलेलं होतं, पण गाव त्याला 'चालू-बंद' म्हणायचं. त्याला कारण मीच. दहा तक्रारींपैकी सहांवर माझं औषध एकच असायचं: बंद करा, दहापर्यंत आकडे मोजा, चालू करा. उरलेल्या चारांत दोन वेळा वायर सैल निघायची, एकदा प्रिंटरच्या पोटात टाचणी सापडायची, आणि एकदा मेमरीची पट्टी काढून तिच्या कडेचे सोनेरी दात खोडरबरानं घासले की मेलेला कॉम्प्युटर उठून बसायचा. "एवढंच होतं?" असं म्हणताना गिऱ्हाइकाचा चेहरा पडायचा. आपला रोग मोठा निघाला नाही याचंही माणसाला वाईट वाटतं, हे मी त्या दुकानात शिकले.

दसऱ्यानंतरचा आठवडा तर ठरलेला. खंडेनवमीला सगळे आपापल्या हत्यारांची पूजा करतात, आणि कॉम्प्युटर हेही हत्यारच. मग पंख्यात झेंडूच्या पाकळ्या, कीबोर्डात अक्षता आणि वायरीच्या खाचेत कुंकू अशी वरात माझ्या दारात यायची. मी ओरडायचे, "अहो, पूजा करा, ओवाळा, पेढा ठेवा! पण देवाच्यासुद्धा आपण नाकात कुंकू घालत नाही, मग या गरिबाच्या का घालता?" लोक हसायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा घेऊन यायचे.

आठ वर्षांपूर्वी 'निरामय' आलं आणि हे सगळं संपलं. कल्पना साधी होती. तुमच्या घरातल्या प्रत्येक यंत्राचं एक जुळं कंपनीच्या कॉम्प्युटरात ठेवायचं. जुळं म्हणजे आकड्यांत उतरवलेली हुबेहूब नक्कल, अगदी शेवटच्या तारेपर्यंत. तुमचं यंत्र जरा अडखळलं की तिकडे त्या जुळ्याला हजारो रोग मुद्दाम लावून बघायचे. ज्या रोगात जुळं तुमच्या यंत्रासारखंच अडखळेल, तो खरा रोग. मग त्यावरचा इलाज आधी जुळ्यावर करून पाहायचा आणि तुमच्याकडे पाठवून द्यायचा. एवढं सगळं तुमची एक उचकी संपायच्या आत व्हायचं. पडदे गोठेनासे झाले, प्रिंटर कागद गिळेनासे झाले. नव्या यंत्रांना बंद करायचं बटणच राहिलं नाही, आणि कुणी बळेच झाकण उघडलं तर यंत्र स्वतःला कुलूप लावून घ्यायचं. हल्लीच्या मुलांना 'हँग झालं' म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं.

चार वर्षांत माझं दुकान बंद पडलं. त्याच वर्षी माझी मुलगी ओवी पुण्यात निरामयमध्येच नोकरीला लागली. दुकानातल्या स्टुलावर बसून माझ्या स्क्रूंची वाटणी करणारी, तीच. मी गावभर पेढे वाटले, पण माझ्या वाटचा पेढा मी वाटीत तसाच ठेवला, आणि ते तिनं पाहिलं. तेव्हापासून यंत्रांचा विषय निघाला की आम्ही दोघी जपून बोलतो.

आता घरातल्या तिसऱ्या माणसाबद्दल. आमचे हे, हणमंतराव, गलाईवाले. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. आमच्या भागातली कितीतरी घरं या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. हे बावीस वर्षं कोइमतूरला होते. आम्लाच्या धुरात सोनं चोख होत गेलं आणि यांची फुप्फुसं चाळणीसारखी झाली. गेल्या माघात त्यांना दवाखान्यात घशात नळी घालून अकरा दिवस ठेवलं होतं. नळी निघाली तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पुन्हा घालावी लागली, तर निघेल असं धरू नका." मी यांना काही बोलले नाही, पण माणूस खुळा नसतो. घरी आल्यावर त्यांनी माझा हात धरला. "मंजे, परत घशात नळी नगं. काय बी झालं तरी. शब्द दे." मी दिला.

चैत्रात घरी श्वासयंत्र आलं. निरामयचंच, त्याच महिन्यात बाजारात आलेलं. नाकातोंडावर मास्क, आणि उशाशी मिठाईच्या खोक्याएवढं यंत्र. मास्कच्या कडेला गालावर टेकणारं एक भिंग रक्तातला प्राणवायू वाचायचं. तो संदेश वायरीनं यंत्राच्या बाजूच्या खाचेत बसवलेल्या एका छोट्या पट्टीत जायचा, आणि त्या आकड्यावरून हवा किती जोरात ढकलायची ते यंत्र ठरवायचं. पहिल्याच आठवड्यात हे उशी काढून आडवे झोपले. दोन वर्षांत मी त्यांना आडवं झोपलेलं पाहिलं नव्हतं. माझं दुकान खाल्लेल्या कंपनीला मी त्या रात्री मनातल्या मनात सगळं माफ करून टाकलं.

हे एवढं सांगितलं म्हणजे त्या खंडेनवमीला सकाळी मी जे केलं ते तुम्हाला निदान कळेल. पाटावर मी माझी जुनी हत्यारांची पेटी मांडली होती. बाजूला यांची सोनं वितळवायची मूस आणि सांडशी. हळदकुंकू, झेंडू, दूर्वा. पूजा आटोपून उठत होते तर हे मास्कमधून म्हणाले, "ह्याला बी लाव की एक बोट."

"यंत्राला?"

"कोइमतूरला भट्टीला लावायचो आमी. जी जगवती तिला लावायचंच."

तीस वर्षं गावाला बजावलेलं सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते हसत होते, आणि त्यांना हसताना धाप लागत नव्हती ती त्या खोक्यामुळे. समोर सगळी काच, वर हवेची जाळी. मी बाजू निवडली. फुलानं पाणी शिंपडलं, एक बोट कुंकू टेकवलं आणि हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

साडेअकराला मी पुरणाचं वाटण काढत होते तेव्हा आतून यंत्राचा गोड आवाज आला. "हणमंतराव, प्राणवायू कमी होत आहे. मी दाब थोडा वाढवत आहे."

मी हात तसेच घेऊन धावले. पडद्यावर एक्याऐंशी. यांचा नेहमीचा आकडा एकोणनव्वद-नव्वद. दाब चौदाचा सोळा झाला होता. हा दाब सेंटिमीटर पाण्यात मोजतात. तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ छातीवर पेलायचा, असं समजा. मी पाहत असतानाच आकडा अठ्ठ्याहत्तर झाला आणि दाब अठरा.

"अहो, काय होतंय?"

"हवा... लई जोरात येतीया," ते म्हणाले. शब्द पुरा व्हायच्या आत यंत्रानं पुढचा श्वास आत कोंबला आणि ते खोकायला लागले.

"निरामय तपासणी पूर्ण," यंत्र म्हणालं. "यंत्रात दोष नाही. दोष रुग्णात आहे. रुग्णवाहिका निघाली आहे. चौदा मिनिटं. श्वासनलिकेत नळी घालण्याची शिफारस पाठवली आहे."

माझे हात पुरणानं बरबटलेले होते, ते मी चादरीलाच पुसले. तेवढ्यात भिंतीवरचा पडदा उजळला. ओवी. यंत्रानं तिलाही कळवलं होतं.

"आई, घाबरू नकोस. मला सगळं दिसतंय. एक्केचाळीस हजार चाचण्या झाल्या. यंत्र आणि जुळं तंतोतंत जुळतंय."

"मग आकडा का पडतोय?"

तिचे डोळे भरले होते. "बाबांचं फुप्फुस थकलंय आई."

निरामयचं शहाणपण असं होतं. खोलीत दोघंच, यंत्र आणि माणूस. यंत्राची तपासणी एक्केचाळीस हजार प्रकारांनी होते आणि ते निर्दोष सुटतं. मग उरला कोण? माणूस. या तर्कात मला कुठं फट दिसेना. पण मी यांच्या ओठांकडे पाहिलं, ते गुलाबी होते. नखं गुलाबी होती. माघात आकडा बहात्तरला आला होता तेव्हा याच ओठांना मी जांभळाचा रंग चढलेला पाहिला होता.

"ओवी, ह्यांचा रंग शाबूत आहे. मला यंत्राचं पटत नाही."

"आई, प्लीज. आता नको."

"काय नको?"

"तुझं आणि निरामयचं भांडण." ती रडत रडत म्हणाली. "चार वर्षांत ते एकदाही चुकलेलं नाही. तुला ते चुकायला हवंय, म्हणून तुला तसं दिसतंय."

थप्पड बसावी तशी मी उभी राहिले, कारण तिचं बोलणं सगळंच खोटं नव्हतं. दुकान बंद झाल्यापासून मी वाट पाहत होते, कधीतरी हे शहाणं तोंडावर पडेल म्हणून. त्या हट्टापायी मी नवऱ्याचा जीव घालवणार होते का? आणि दुसऱ्या बाजूला तो शब्द. नळी आली की सुटका नाही. आणि मास्क नुसता काढून ठेवावा, तर यांचा श्वास स्वतःच्या बळावर तीन-चार मिनिटांच्या वर टिकत नाही. पडद्यावर एकाहत्तर. दाब बावीस. यांनी डोळे मिटून दोन्ही मुठींत चादर धरली होती.

तेव्हा मला तो चिमटा आठवला. करोनाच्या साथीत घराघरात आलेला, बोटाला लावायचा, प्राणवायू मोजणारा. माझा अजून हत्यारांच्या पेटीत पडलेला होता. पेटी पूजेत होती. खंडेनवमीला पूजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत; मी पाटावरचे झेंडू बाजूला सारले आणि ती उचकली. स्क्रूड्रायव्हर, ब्रश, खोडरबर, तळाशी चिमटा. सेल मेलेले. जुन्या टीव्हीचा रिमोट उघडला, त्याचे काढून घातले, चिमट्याचा पडदा उजळला. यांच्या बोटाला लावला तर नुसत्या रेघा. सेल काढून फिरवले, तळव्यावर आपटला. पुन्हा रेघा.

"आई, ते वीस वर्षांपूर्वीचं आहे," ओवी म्हणाली. "पाच मिनिटं राहिलीत. तू त्यांच्याजवळ बस. त्यांचा हात धर."

मी हात धरलाच. आणि यांच्या बोटावर लाल डाग दिसला. बोटावरून मी चिमट्यात पाहिलं, तर आतल्या काचेवरही लाल. पेटीवर मी सकाळी कुंकू वाहिलं होतं, वर पाणी शिंपडलं होतं, ते ओघळून फटीतून आत गेलं होतं. मी पदरानं काच पुसली, यांचं बोट पुसलं आणि चिमटा परत लावला. रेघा. रेघा. मग अठ्ठ्याऐंशी. मग एकोणनव्वद.

मी मान वळवून यंत्राच्या बाजूकडे पाहिलं. माझं ते एक बोट कुंकू तिथंच होतं. फक्त आता ते बोट राहिलं नव्हतं. यंत्रातून निघणाऱ्या उबदार दमट हवेनं ते ओलं होऊन खाली उतरलं होतं, आणि त्याची लाल रेघ सरळ पट्टीच्या खाचेत शिरली होती.

"ओवी," मी म्हणाले, "मी यंत्राला कुंकू लावलं."

पडद्यावर ती हललीसुद्धा नाही. "आई, तू?"

"मी."

बाकी काही बोलायची गरज नव्हती. ती त्या स्टुलावर बसून वाढली होती. कुंकू कोरडं असतं तोवर बिचारं असतं; पण हळदीला चुना देऊन ते केलेलं, ओलं झालं की त्यातून वीज झिरपते. पट्टीचे सात सोनेरी दात एकमेकांपासून तांदळाच्या दाण्याएवढ्याही अंतरावर नसतात. एका दाताची वीज थोडी थोडी शेजारच्याकडे झिरपली की आकडा उतरायला लागतो. आकडा उतरला की यंत्र दाब वाढवतं, दाबाबरोबर दमट हवा वाढते, आणि कुंकू आणखी ओलं होतं. ओवीनं हे सगळं माझ्याआधी जुळवलं असावं, कारण ती पुटपुटली, "जुळ्यात कुंकू नाहीये. आम्ही त्याला सगळे रोग लावले आई, पण पूजा नाही केली."

"पट्टी काढायला परवानगी दे."

"नव्वद सेकंद मिळतात. त्यात यंत्र थांबतं. पट्टी वेळेत बसली नाही तर कुलूप पडतं, मग कोल्हापूरहून माणूस येईपर्यंत ते उघडत नाही. निरामयची शिफारस असताना आजवर कुणी हात घातलेला नाही. माझ्या नावावर नोंद होईल."

"ओवी, मी चुकत असले तर?"

ती वाकून काहीतरी दाबत होती. "बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, "दीड मिनिट स्वतः श्वास घ्यायचा. जमेल?"

यांनी डोळे उघडले. माझ्या हातातला खोडरबर पाहिला आणि मान हलवली. मी पट्टी खेचली. यंत्र गप्प झालं आणि खोलीत यांच्या छातीची घरघर तेवढी उरली.

"मोज," मी म्हणाले.

ओवी मोजायला लागली. लहानपणी कॉम्प्युटर बंद करून दहापर्यंत मोजायची, त्याच सुरात. मी खोडरबर घासत होते. एक दात, दोन, तीन. लाल चुरा मांडीवर पडत होता. बोटं साठ वर्षांची, पण काम त्यांच्या अंगात होतं. चाळिसाला सातवा दात लख्ख झाला. पंचेचाळिसाला पट्टी आत. यंत्रानं सुस्कारा सोडला.

पडद्यावर आकडा आला. सदुसष्ट. मग पासष्ट. दाब चोवीस.

मी खाटेची कड धरून खाली बसले. म्हणजे ओवीचं बरोबर होतं. चिमटाच खोटा होता, ओठांचा रंग मला हवा तसा मी रंगवून घेतला होता. आणि त्या नव्वदातल्या पंचेचाळीस सेकंदांचा श्वास मी यांच्या छातीतून उगीच काढून घेतला होता. हे खोकत होते, आणि त्या खोकल्याचा आवाज ओला येत होता.

दारात पावलं वाजली. डॉक्टर शबाना मुल्ला आत आल्या, मागं दोन माणसं आणि स्ट्रेचर. या मुलीचा पहिला लॅपटॉप मीच दुरुस्त करून दिलेला.

"काकू, बाजूला व्हा. पासष्ट आहे, मला आत्ताच नळी घालावी लागेल."

"शबाना, तुझा चिमटा लाव."

"काकू, वेळ नाहीये..."

"एकदाच. मग तुला जे करायचं ते कर, मी आडवी येणार नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग यांच्या ओठांकडे. खिशातून स्वतःचा चिमटा काढून तिनं यांच्या दुसऱ्या हाताला लावला. सत्त्याऐंशी. तिनं तो काढून दुसऱ्या बोटाला लावला. सत्त्याऐंशी. मग तिनं यंत्राच्या पडद्यावरचा पासष्टचा आकडा पाहिला. "हे काय गौडबंगाल आहे?"

आणि यांनी मास्कवर टकटक केलं. बोटानं खाचेकडे दाखवत ते एकेक शब्द करून बोलले, "सोनं पुसलंस... मुशीचं काय?"

गलाईत नवा माणूस पहिल्यांदा हीच चूक करतो म्हणे. सोनं धुऊन चोख करतो आणि परत त्याच मळक्या मुशीत ओततो. मी पट्टीचे दात घासले होते. खाचेच्या आतलं कुंकू जिथल्या तिथं होतं.

"शबाना, स्पिरिटचा बोळा दे. ओवी, आणखी एकदा."

"आई, दुसऱ्यांदा परवानगी मागितली की वरच्यांना कळतं." पण तिचा हात चाललेला होता. "दिली. जा."

पट्टी बाहेर. शबानानं यांच्या तोंडाला हातानं दाबायचा फुगा लावला. पेटीतल्या ब्रशला मी बोळा गुंडाळला आणि खाचेत घातला. बाहेर आला तो लाल. दुसरा बोळा, लाल. ओवी साठवर होती. तिसरा, गुलाबी. सत्तर. चौथा पांढरा आला. मी खाचेत फुंकर मारणार होते, मग आठवलं की फुंकरीत थुंकी असते, गिऱ्हाइकांना हेही मीच ओरडून सांगायचे. पदरानं वारा घातला. ब्याऐंशी. पट्टी आत सरकवली. पंच्याऐंशी.

यंत्र सुरू झालं. कुणी श्वास घेत नव्हतं, यांच्याशिवाय. बहात्तर. एक्याऐंशी. सत्त्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. दाब सव्वीसवरून वीस, मग पंधरा, मग चौदा. यांच्या मुठी सुटल्या. चादरीला मुठींच्या चुण्या तशाच राहिल्या होत्या.

"हणमंतराव," यंत्र गोड आवाजात म्हणालं, "तुमची प्रकृती सुधारली आहे."

"तुझ्या नानाची टांग," हे म्हणाले, आणि शबाना हसता हसता भिंतीला टेकून रडायला लागली. मी यांच्या छातीवर डोकं ठेवलं. मला लाज वाटत होती आणि जीव भांड्यात पडला होता, दोन्ही एकदम.

पण ओवी हसत नव्हती. ती दुसऱ्याच कुठल्या पडद्याकडे पाहत होती.

"आई, 'दोष रुग्णात' असा निकाल रोज राज्यभरात दोन-तीन घरांत लागतो. आज सकाळपासून एकशे अठरा. मला वाटलं, हवा बदललीय." तिचा आवाज चिरका झाला. "हे यंत्र चैत्रात आलं. ही त्याची पहिलीच खंडेनवमी आहे."

माझ्या डोळ्यांसमोर एकशे अठरा उशा आल्या. प्रत्येक उशाशी एक खोकं, आणि प्रत्येक खोक्याला कुणाचं तरी एक बोट.

"किती जणांना नळी घातली?"

"सहा. बाकीच्यांकडे गाड्या निघाल्यात."

तिनं तिच्या वरिष्ठांना लाइनवर घेतलं. त्या गृहस्थांना आधी परवानगीचंच बोलायचं होतं. मग त्यांनी कारण विचारलं, आणि ते कारणांच्या ठरलेल्या यादीत बसत नव्हतं. "कुंकू? यंत्रावर? पुस्तिकेत स्वच्छ लिहिलेलं आहे. असं कोण करतं?"

ओवीनं माझ्याकडे पाहिलं. ती मला वाचवणार होती, मला तिच्या तोंडावर दिसलं. घरातल्या कुणीतरी, असं काहीतरी सांगून मोकळी झाली असती. पण त्या साहेबाला कुणी अडाण्यानं केलं असं वाटलं असतं, तर त्यानं पुढची दहा मिनिटं खातरजमा करण्यात घालवली असती.

"मी केलं," मी म्हणाले. "तीस वर्षं हे करू नका म्हणून सांगत आलेल्या बाईनं. मी केलं, म्हणजे सगळ्यांनी केलं असं धरा. दाब वाढवणं सगळीकडे आधी थांबवा. परवानग्या खुल्या करा. आणि मला फोन जोडून द्या."

तिकडून साहेब कुणालातरी परवानग्या खुल्या करायला सांगताना ऐकू आले. मग पहिला फोन लागला. अंबाजोगाईजवळचं कुठलंसं गाव. मागं यंत्राचा तोच गोड आवाज दाब वाढवत असल्याचं सांगत होता, आणि एक बाई हुंदके देत होती. तिचा मुलगा मास्कला होता, एकोणीस वर्षांचा.

"बाई, मी विट्याहून मंजुषा बोलतेय. रागावणार नाही, पण खरं सांगा. आज यंत्राची पूजा केलीत?"

हुंदके एकदम थांबले.

"केली व ताई," ती म्हणाली. "म्याच केली. ह्याच हातानं."

"मीपण केली," मी म्हणाले. "आता रडू नका. घरात खोडरबर आहे?"